साबणाच्या पाण्यात काय उजेड पाडणार?

या वेळचे प्रश्न सगळे एकाच विषयावरचे आहेत. मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की माझी सगळी नोकरी सर्फॅक्टंट आणि फोटोकेमिस्ट्री यातच गेली, म्हणजे सोप्या भाषेत साबणाचं पाणी आणि त्यावर टाकलेला प्रकाश, आणि त्यावर मेल आले ते आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न: मॅडम, फिजिकल केमिस्ट्रीत एमएस्सी झालंय आणि जेआरएफ मिळालीय. गाइड म्हणतात मिसेलमधल्या फोटोकेमिस्ट्रीवर काम कर. घरी बाबा म्हणतात, साबणाच्या पाण्यात काय उजेड पाडणार तू? मामा म्हणतात बॅटरीचा विषय घे, त्यात स्कोप आहे. काय करू?
एक विद्यार्थिनी, बार्शी

आधी जेआरएफचं अभिनंदन गं! पीएचडी करताना मिळणारी महिन्याला ३७ हजारांची फेलोशिप आहे ती, बाबांना हा आकडा सांगितलास की निम्मा विरोध तिथेच मावळेल. उरलेल्या निम्म्याचं बघू.

मामा म्हणतात ते काही खोटं नाहीये, बॅटरीत काम आहेच. पण पीएचडीचा विषय म्हणजे जन्माचा विषय असं आपल्याकडे जे धरून चालतात ना, तिथे गडबड आहे. फिजिकल केमिस्टचं करिअर विषयापेक्षा तो काय मोजायला शिकला यावर जास्त चालतं. तुला मिखाएल ग्रेत्सेल यांचं उदाहरण देते, ते तुझ्याच विषयातलं आहे आणि शेवटी सोलर सेलवर जातं म्हणजे मामाही खूश.

ग्रेत्सेल जर्मनीतले, जन्म १९४४ चा, पीएचडी १९७१ ला बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतून. तिथून ते अमेरिकेत इंडियानातल्या नोटर डेम युनिव्हर्सिटीत जे. केरी थॉमस यांच्याकडे पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या रिसर्चला गेले आणि तिथे केलं काय, तर साबणासारख्या रेणूंच्या पाण्यात पायरीन नावाचा चमकणारा रेणू टाकून त्यावर प्रकाशाचे झोत सोडले. १९७३ मध्ये दोघांचा पेपर आला. मिसेल म्हणजे साबणाच्या रेणूंचा बारीकसा गोळा, त्याच्या आत बसलेल्या पायरीनपर्यंत बाहेरचं कोण किती लवकर पोचतं, एवढाच त्याचा विषय. तेव्हा कुणी त्यांना विचारलं असतं की बाबा रे याचा उपयोग काय, तर उत्तर द्यायला जडच गेलं असतं.

आता यातली गंमत सांगते, कारण तुझ्या गाइडनी विषय दिला पण बहुतेक ही बाजू सांगितली नसणार. सर्फॅक्टंटच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून राहतं आणि लांब शेपटी पाणी टाळते. ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की हे रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर असे जमतात, तो मिसेल. सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे आपलं एसडीएस, त्याच्या एका मिसेलमध्ये साधारण ६० च्या आसपास रेणू असतात आणि त्रिज्या फार तर दोनेक नॅनोमीटर. डोक्यांवर निगेटिव्ह चार्ज. मिसेलच्या आत बसलेल्या रेणूवर जोरदार प्रकाश टाकला आणि त्यातून एक इलेक्ट्रॉन बाहेर उडाला समजा. साध्या द्रावणात तो बऱ्याचदा लगेच परत येऊन बसतो आणि सगळी ऊर्जा उष्णतेत वाया जाते. इथे मात्र बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनला परत आत यायचं तर निगेटिव्ह डोक्यांचं कुंपण आडवं येतं, तो बाहेरच राहतो. प्रकाशाने वेगळे केलेले दोन चार्ज पुन्हा एकमेकांना भेटू द्यायचे नाहीत, हाच तर सौरऊर्जेतला कळीचा प्रश्न! आणि तो सोडवायची सवय या लोकांना साबणाच्या पाण्यात लागली.

मग १९७३ चं तेलसंकट आलं, पेट्रोल भडकलं आणि सूर्यप्रकाशापासून इंधन करता येईल का याकडे सगळे वळले. ग्रेत्सेल आधी बर्लिनला परत आणि १९७७ पासून स्वित्झर्लंडमध्ये लोझानला. तिथे त्यांच्याबरोबर के. कल्याणसुंदरम होते, तेही थॉमस यांच्याच हाताखाली तयार झालेले. हळूहळू मिसेलच्या जागी टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक कण आले, रंग म्हणून रुथेनियम या धातूचे कॉम्प्लेक्स आले, पण प्रश्न तोच, पृष्ठभागावर चार्ज वेगळे कसे ठेवायचे. २४ ऑक्टोबर १९९१ च्या नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात ब्रायन ओरेगन आणि ग्रेत्सेल यांचा पेपर आला, रंग चढवलेल्या कणांच्या फिल्मवरचा स्वस्त सोलर सेल, एफिशियन्सी, म्हणजे पडलेल्या प्रकाशातून वीज होण्याचं प्रमाण, ७ टक्क्यांच्या वर. दोन वर्षांनी नवीन रुथेनियम डाय घेऊन ती १० टक्क्यांपर्यंत गेली, त्या पेपरवर पहिलं नाव आपल्या उस्मानिया युनिव्हर्सिटीत शिकलेल्या मोहम्मद खाजा नझीरुद्दीन यांचं आहे. २०१० मध्ये ग्रेत्सेल यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइज मिळाला.

तू ग्रेत्सेल होशील असं मी म्हणत नाहीये, मीही झाले नाही आणि माझं काही अडलं नाही. पण मिसेलवर काम केलेली मुलं पुढे औषधं पोचवणाऱ्या लिपिड कणांवर, कॉस्मेटिक्समध्ये, शेतीच्या फवारणीच्या फॉर्म्युलेशनमध्ये, पेंटमध्ये सगळीकडे जातात, कारण दोन न मिसळणाऱ्या गोष्टी एकत्र नांदवायच्या कशा हा प्रश्न सगळ्याच धंद्यांत आहे. तेव्हा गाइडना विषयाचं नाव विचारत बसू नकोस, विचार की डिपार्टमेंटमध्ये टाइम-रिझॉल्व्ह्ड फ्लुओरेसन्सचं, म्हणजे रेणूची चमक किती वेळ टिकते ते मोजणारं मशीन आहे का, ते चालू आहे का आणि त्यावर बसायला आठवड्यातून किती वेळ मिळेल. नुसतं "आहे" म्हणाले तर स्वतः जाऊन बघ, अनेक ठिकाणी मशीन असतं आणि वर कव्हर असतं.

प्रश्न: पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले डायरेक्टर परदेशी होते आणि ते साबणाचे शास्त्रज्ञ होते असं एका व्याख्यानात ऐकलं. हे खरं का? इतकी मोठी लॅब आणि साबणवाला कशाला आणला?
निवृत्त शिक्षक, सासवड

खरं आहे काका, आणि "साबणवाला" म्हणालात ते त्यांना आवडलंच असतं. जेम्स विल्यम मॅकबेन, जन्म १८८२, कॅनडाचे. एनसीएलचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंच्या हस्ते झालं तेव्हा हेच डायरेक्टर होते, १९५२ पर्यंत राहिले आणि १९५३ मध्ये वारले. म्हणजे अमेरिकेत स्टॅनफर्डमधून निवृत्त झाल्यावर, सदुसष्टीला आलेला माणूस पाषाण रोडवर नवी लॅब उभी करायला आला.

आणि साबणाचं काम म्हणाल तर मिसेल ही कल्पनाच मुळात त्यांची. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला असताना ते साबणाच्या द्रावणाचं मोजमाप करत होते आणि आकडे जुळेनात. द्रावणात किती सुटे कण आहेत ते ज्या गुणधर्मांवरून कळतं त्यावरून बघावं तर कण फारच कमी, आणि वीज मात्र त्या मानाने भरपूर वाहते. कण कमी आणि चार्ज भरपूर हे एकाच वेळी कसं? मॅकबेन १९१३ च्या सुमाराला म्हणाले की साबणाचे आयन एकत्र येऊन मोठे चार्ज असलेले गोळे करत असणार. लंडनच्या एका सभेत त्यांनी हे मांडलं तेव्हा अध्यक्षांनी "नॉन्सेन्स, मॅकबेन!" म्हणून उडवून लावलं अशी गोष्ट कोलॉइडवाल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात हे शाळेतलं पोर सांगेल, ते गोळा होतील कसे, असा तेव्हाचा आक्षेप. शेपट्या पाण्यापासून पळायला इतक्या उतावीळ असतात की डोक्यांचं भांडण मागे पडतं, हे पचायला लोकांना वेळ लागला. पुढे १९३६ मध्ये हार्टली यांनी गोल मिसेलचं चित्र दिलं, तेच आज आपल्या पुस्तकात आहे.

कशाला आणला याचं माझं उत्तर असं की नव्या देशाला तेलं, रंग, साबण, औषधं, कापड सगळ्यांची केमिस्ट्री हवी होती आणि सरफेस केमिस्ट्री जाणणारा माणूस या प्रत्येक दारातून आत जाऊ शकतो. त्यांच्यानंतर आलेले जॉर्ज फिंच हेही पृष्ठभागांचेच माणूस, आणि १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनची नळकांडी वापरून तेव्हाच्या विक्रमी उंचीवर गेलेले गिर्यारोहक! त्यांच्यानंतर १९५७ मध्ये के. वेंकटरामन आले, पहिले भारतीय डायरेक्टर, ते रंगांचे केमिस्ट. साबण, पृष्ठभाग, रंग. माझ्या विषयाचा पूर्ण सिलॅबस झाला हा.

प्रश्न: इतके छोटे गोळे दिसत तर नाहीत, मग एकात ६० रेणू आहेत हे मोजलं कुणी? आणि रिसर्च करणारा माणूस दिवसभर लॅबमध्ये नक्की करतो काय?
बीएस्सी दुसरं वर्ष, नागपूर

दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर: भांडी धुतो. चेष्टा नाही. फ्लुओरेसन्सचं काम करणाऱ्याचा निम्मा जीव स्वच्छतेत जातो, कारण चमकणारी घाण एक कणभर पुरते. एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला जातो की क्युवेट, म्हणजे नमुना ठेवायची काचेची छोटी डबी, घरच्या वॉशिंग पावडरने धुवायचा नाही, का ते पुढच्या प्रश्नात येतंच आहे.

आता मोजतात कसं ते. पायरीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, एक मायक्रोमोलरसुद्धा नाही. म्हणून आधी अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, थेंबभर बाटलीत टाकून अल्कोहोल उडवून द्यायचं, तळाला न दिसणारा थर राहतो, त्यावर सर्फॅक्टंटचं पाणी घालून रात्रभर ढवळत ठेवायचं. सकाळी ३३५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून स्पेक्ट्रम घ्यायचा. पायरीनच्या स्पेक्ट्रममध्ये पाच टोकं येतात, त्यातलं पहिलं ३७३ ला आणि तिसरं ३८४ ला, या दोघांच्या उंचीचं गुणोत्तर आजूबाजूला पाणी आहे की तेल हे सांगतं. पाण्यात १.८ च्या आसपास, हेक्झेनमध्ये ०.६ च्या आसपास, एसडीएसच्या मिसेलमध्ये १.१ च्या जवळपास. सर्फॅक्टंट थोडं थोडं वाढवत गेलं की एका ठिकाणी हा आकडा धाडकन खाली येतो, तिथे मिसेल बनायला लागले. ही पद्धत १९७७ मध्ये कल्याणसुंदरम आणि थॉमस यांनी दिली आणि आजही जगभर पोरं याच आकड्याने सुरुवात करतात. यंत्रातली प्रकाशाची फट, म्हणजे स्लिट, रुंद ठेवली की आकडा चुकतो, हे मात्र सिनियरने कानात सांगावं लागतं.

६० चा आकडा कसा, तर त्याची एक फार सुंदर युक्ती कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या निकोलस टुरो आणि अहमद येक्ता यांनी १९७८ मध्ये काढली. मिसेलला चिकटणारा एक चमकणारा रंग घ्यायचा, त्यांनी रुथेनियमचाच घेतला, आणि त्याची चमक विझवणारा दुसरा रेणू घ्यायचा जो मिसेलमध्येच राहतो. ज्या मिसेलमध्ये विझवणारा आहे तिथला दिवा बंद, नाही तिथला चालू. विझवणारे रेणू मिसेलांमध्ये नशिबाने वाटले जातात, कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला काहीच नाही, आणि हे वाटप पॉयसनच्या नियमाने चालतं. सरासरी मिसेलमागे एक विझवणारा असेल तर त्या नियमाने ३७ टक्के मिसेलांच्या वाट्याला एकही येत नाही, त्यामुळे चमक मूळच्या ३७ टक्क्यांवर आली की समजायचं सरासरी मिसेलमागे एक विझवणारा. समजा ५० मिलिमोलर एसडीएस घेतलं, त्यातलं ८ सुटं राहतं, उरलं ४२. चमक ३७ टक्क्यांवर यायला विझवणारा ०.६८ मिलिमोलर लागला, म्हणजे मिसेलही तेवढेच. ४२ भागिले ०.६८, आलं ना ६२? कागद-पेन्सिलीचं गणित, आणि न दिसणारी गोष्ट मोजून झाली. माझ्या मते आमच्या अख्ख्या विषयातला हा सगळ्यात देखणा प्रयोग आहे, भले लेझरवाले काहीही म्हणोत.

आणि एक सांगते, बाजारातल्या बाटलीतलं एसडीएस जसंच्या तसं कधी वापरू नकोस. ते साठवणीत हळूहळू फुटून त्यात डोडेकॅनॉल नावाचं अल्कोहोल तयार होतं, आणि ते इतकं आगाऊ असतं की सगळ्यात आधी पृष्ठभागावर जाऊन बसतं. मग सरफेस टेन्शनच्या आलेखात जिथे साधा कोपरा यायचा तिथे खड्डा येतो. नवीन मुलांना वाटतं काहीतरी शोध लागला. आधी एसडीएस इथेनॉलमधून रिक्रिस्टलाइझ करायचं, म्हणजे विरघळवून पुन्हा स्फटिक करून शुद्ध करायचं, मग बोलायचं.

प्रश्न: पावडर जास्त घातली तर कपडे जास्त स्वच्छ निघतात का? आणि पांढरे कपडे उन्हात जास्त पांढरे का दिसतात? आमच्या सासूबाई अजून रेशमी साड्या रिठ्यानेच धुतात, ते बरोबर आहे का?
गृहिणी, सांगली

ताई, तुमच्या एका मेलमध्ये माझे दोन्ही विषय आले, सर्फॅक्टंटही आणि फोटोकेमिस्ट्रीही.

पावडरचं असं की एका मर्यादेपर्यंत पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण उतरत जातो. शुद्ध पाण्याचा आमच्या मापात ७२ असतो, एसडीएसने तो ४० च्या खाली येतो आणि मग तिथेच थांबतो, कितीही घाला. त्यापुढचे रेणू मिसेल करतात, ते तेलकट मळ पोटात घेऊन पाण्यात ठेवतात म्हणून थोडे जास्त लागतातच, पण मळ संपला की उरलेली पावडर फक्त खळबळायचं काम वाढवते. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फ्रंट लोड मशीनच्या पावडरी मुद्दाम कमी फेसाच्या करतात आणि त्या छान धुतात. बोअरचं पाणी जड असेल तर मात्र साध्या साबणाचा कॅल्शियमबरोबर चिकट साका होतो, तिथे साबण वाढवून उपयोग नाही, डिटर्जंट वापरा.

पांढऱ्याचं उत्तर फोटोकेमिस्ट्रीत आहे. पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर असतो, तो कापडावर बसतो, उन्हातला डोळ्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतो. जुन्या कापडाचा पिवळेपणा त्या निळ्याने झाकला जातो. मळ गेलेला नसतो हं, नुसता झाकलेला! आपल्या आजीची नीळ वेगळी, ती पिवळा प्रकाश खाते म्हणून जास्त झाली की कपडा करडा दिसतो, ब्राइटनर मात्र प्रकाश वाढवतो. घरातल्या नेहमीच्या एलईडीत अल्ट्राव्हायोलेट जवळपास नसतोच, म्हणून तोच शर्ट गच्चीवर लख्ख आणि दिव्याखाली साधा दिसतो. आणि याच ब्राइटनरमुळे आमच्या लॅबमध्ये वॉशिंग पावडरला बंदी, काचेवर उरला की आमचं यंत्र त्याचीच निळी चमक मोजत बसतं.

सासूबाई बरोबर आहेत. रिठ्यात सॅपोनिन असतात, तेही सर्फॅक्टंटच, आणि रिठ्याचं पाणी थोडं आंबट बाजूला असतं. रेशमाला अल्कली सोसत नाही आणि साबण, पावडर दोन्ही अल्कलीच्या बाजूचे. फक्त सावलीत वाळवायला सांगा.

जाता जाता, घरात राहून असलं काही करता येतं का असंही तुम्ही विचारलंय. जर्मनीत ब्राउनश्वाइगला आग्नेस पॉकेल्स नावाची बाई होती, जन्म १८६२. मुलींना तेव्हा युनिव्हर्सिटीत घेत नव्हते, आजारी आईवडिलांची सेवा करत तिने घरीच पन्हाळीसारखं भांडं करून त्यावर पत्र्याची पट्टी सरकवत मळकट पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोजला. निकाल इंग्लंडमधले मोठे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना पत्राने कळवले आणि त्यांनी ते पत्र १८९१ मध्ये नेचरकडे छापायला पाठवलं. पुढे याच धर्तीच्या भांड्यावर अर्व्हिंग लँगम्यूर यांनी काम केलं, त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. पॉकेल्सबाईंना त्याच वर्षी सत्तरीत मानद डॉक्टरेट मिळाली. यावर मी काय बोलू, तुम्हीच समजून घ्या.

प्रश्न: कॉलेज प्रोजेक्टला मेथिलीन ब्लू आणि टायटॅनियम डायऑक्साइड उन्हात ठेवून रंग घालवणार आहोत. पेपर होईल का?
तिघे मित्र, धुळे

अरे बाबांनो, हा प्रयोग इतक्या जणांनी केलाय की उन्हालाही कंटाळा आला असेल. तरी करा, पण नीट करा. मेथिलीन ब्लू स्वतःच दिसणारा प्रकाश शोषतो, त्यामुळे टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर न घालताही उन्हात थोडा उडतो, तेव्हा एक बाटली नुसत्या रंगाची उन्हात ठेवा. दुसरी बाटली रंग आणि पावडर घालून पूर्ण अंधारात ठेवा, कारण बराच रंग पावडरीवर नुसता चिकटतो आणि सगळे त्यालाच डिग्रेडेशन, म्हणजे रंगाचा रेणू फुटला, असं म्हणून मोकळे होतात. तिसरी बाटली रंग आणि पावडर, उन्हात. तिन्ही बाटल्या एकाच काचेच्या घ्या, साधी काच बराच अल्ट्राव्हायोलेट अडवते. मोजायच्या आधी पावडर गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून काढा, नाहीतर कलरीमीटर गढूळपणाच मोजेल. आणि जमलं तर चौथ्या बाटलीत चिमूटभर एसडीएस घाला. मेथिलीन ब्लू पॉझिटिव्ह, एसडीएस निगेटिव्ह, मिसेल बनायच्या आधीच दोघं चिकटतात आणि द्रावणाचा निळा रंग बदलताना डोळ्यांनी दिसतो. स्पेक्ट्रम घेऊन पाठवा, पेपरचं मग बघू.